मदत हवी आहे: वीज गेल्यावर प्रतिद्रव्याचा सापळा किती वेळ तग धरेल?

मंडळी, दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितोय आणि एका जागी पार अडकलोय.

रावेरजवळच्या बंद पडलेल्या केळी पिकवणी केंद्रात कुणीतरी १ ग्रॅम प्रतिहायड्रोजन (हायड्रोजनचं प्रतिद्रव्य; साध्या द्रव्याला भिडलं की दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा सुटते) चुंबकीय सापळ्यात लपवलाय. (जागा मुद्दाम निवडली, केळीतल्या पोटॅशियम-४० मधूनही क्वचित एखादा पॉझिट्रॉन, म्हणजे प्रतिद्रव्याचाच कण, निघतो.) तो तेवढ्याच द्रव्याला भिडला तर सुमारे ५ कोटी युनिट ऊर्जा! दीपनगर औष्णिक वीज केंद्राचा ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने १०० तास चालवला तर मिळेल तेवढी. इथे ती क्षणात सुटणार.

मे महिना, रात्री दोन वाजता फीडर ट्रिप होतो. जनरेटर धाप टाकून बंद पडतो. आधी मी लगेच स्फोट दाखवला, तर वायरमन नायकाला काही करायला वावच उरला नाही. मग बॅटरी बॅकअप दिला, तर सगळा धाकच गेला. सापळ्याच्या अतिवाहक (अतिथंड असताना विजेला रोध न करणाऱ्या) चुंबकाचं क्षेत्र द्रवरूप हेलियम असेतोवर विजेशिवायही टिकतं, एमआरआयसारखं, इथवर वाचलंय. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत २०११ साली प्रतिहायड्रोजन १००० सेकंद धरून ठेवला होता, पण ते मोजकेच अणू. एवढा साठा आज कुठेच नाही, तेवढी एक सूट कथेला द्या. बाकी विज्ञान खरंच हवंय.

एमआरआय किंवा क्रायोजेनिक्समध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगा: थंडावा थांबल्यावर हेलियम उडायला तास लागतात की दिवस? क्षेत्र हळूहळू ओसरतं की एकदम कोसळतं? आणि त्याआधी शेजारी उभ्या माणसाला नेमकं काय दिसेल, काय ऐकू येईल?