बदामाचे बटर भुरभुरीतच का राहते आणि मध घालताच घट्ट का होते?

प्रश्न

नमस्कार. घरी नट बटर करताना पडलेल्या काही शंका येथे मांडत आहे. शेंगदाण्याचे बटर मिक्सरमध्ये विनासायास जमते. आधी कूट होते, मग त्याला तेल सुटू लागते आणि पाहता पाहता सरसरीत पेस्ट तयार होते. त्याच भांड्यात, त्याच पद्धतीने बदाम घेतले की मात्र त्यांचा भुगा होऊन तो कडेला चिकटून बसतो, खाली पाती मोकळीच फिरत राहतात आणि यंत्र तापून त्याचा वास येऊ लागतो. शेंगदाणे मी भाजून घेते, बदाम मात्र कच्चेच वापरते, कारण भाजल्याने त्यांचे सत्त्व जाते असे वाचनात आले होते. बदामांत मुळातच तेल कमी असते म्हणून असे होते का? तसे असेल, तर वरून तेल घालण्यावाचून गत्यंतर नाही का?

दुसरी शंका गोडव्याची आहे. चमच्यावरून धारेने पडणाऱ्या शेंगदाण्याच्या बटरमध्ये थोडा मध घातला की ते क्षणार्धात कणकेच्या गोळ्यासारखे होते. पातळ पदार्थ घातल्यावर मिश्रण अधिक पातळ होण्याऐवजी घट्ट का व्हावे, याचा उलगडा होत नाही. शिवाय बरणी काही दिवस ठेवली की वर तेलाचा तवंग येतो आणि तळाशी चमचाही रुतणार नाही असा थर बसतो. विकतच्या बरणीत असे सहसा होत नाही, ते कशामुळे?

प्रतिसाद १

बदामांत तेल कमी असते, हा समज आधी बाजूला ठेवावा. शेंगदाणे आणि बदाम या दोहोंत वजनाच्या साधारण निम्मे तेल असते. काजूत त्याहून थोडे कमी, म्हणजे 44 टक्क्यांच्या आसपास, अक्रोडात 65 टक्के आणि मॅकाडेमियात तर 75 टक्क्यांच्या घरात. म्हणजे बदामांत तेलाची वाण नाही. ते बाहेर यायला तयार नसते, एवढाच प्रश्न आहे. हे तेल पेशींच्या आत अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात साठवलेले असते, प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचे पातळ आवरण असते आणि या सगळ्याभोवती पेशीची भिंत असते. बदामात तंतूंचे प्रमाण शेंगदाण्यापेक्षा बरेच अधिक असल्यामुळे त्याच्या भिंती चिवट असतात, आणि त्या जोवर फुटत नाहीत तोवर आपण कितीही वेळ मिक्सर फिरवला तरी हाती फक्त बारीक भुगा लागतो.

भाजणे महत्त्वाचे ठरते ते येथे. खमंगपणा हा त्याचा एक लाभ झाला, पण बटर करणाऱ्याच्या दृष्टीने दुसरे दोन लाभ मोठे आहेत. कच्च्या बदामात साधारण 4 ते 6 टक्के पाणी असते, ते भाजताना बऱ्याच अंशी उडून जाते आणि बदाम चिवट न राहता ठिसूळ होतो. शिवाय उष्णतेने तेलाच्या थेंबांभोवतीची आवरणे विस्कटतात, त्यामुळे भिंत फुटताच तेल सहज वाहू लागते. ओव्हन 160 अंश सेल्सिअसला तापवून बदाम एका थरात पसरून 12 ते 15 मिनिटे भाजावेत आणि मध्ये एकदा हलवावेत. रंगावर विसंबू नये, कारण साल मुळातच तपकिरी असते. एक बदाम मधोमध फोडून पाहावा आणि आतला गर फिकट बदामी दिसू लागला की बाहेर काढावेत. बाहेर काढल्यावरही ते आतल्या उष्णतेने काही काळ भाजले जातच राहतात, म्हणून तापलेल्या ट्रेमध्ये न ठेवता लगेच दुसऱ्या ताटात पसरणे बरे. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजले तरी चालते, मात्र तेथे बाहेरून करपून आत कच्चे राहण्याची शक्यता अधिक असते.

भाजल्याने काही जीवनसत्त्वे थोडीफार घटतात हे खरे आहे, पण तेल, प्रथिने आणि खनिजे जागच्या जागी राहतात. त्यासाठी कच्च्या बदामांशी झुंजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता मधाविषयी. आपण मधाला पातळ पदार्थ समजत आहात, पण बटरच्या दृष्टीने तो पाणी आणि साखर आहे. नट बटर म्हणजे तेलात तरंगणारे प्रथिनांचे, पिष्टाचे आणि तंतूंचे कोरडे कण. सभोवती तेल असेतोवर हे कण एकमेकांवरून घसरत राहतात आणि म्हणून मिश्रण वाहते. मधात 17-18 टक्के पाणी असते. ते मिसळताच कणांचा ओलसर पृष्ठभाग एकमेकांना चिकटतो, कणांचे जाळे तयार होते आणि तेल बाजूला पडते. गूळ पातळ करून घातला, दूध घातले किंवा भांडे पुसायचे राहून त्यात पाण्याचे थेंब असले, तरी हेच घडते. गंमत अशी की पाणी आणखी वाढवत नेले तर तेच मिश्रण पुन्हा सैल होऊन मऊ, पांढुरके होते, कारण मग पाण्यात तेल तरंगू लागते. परंतु ते आता बटर राहिलेले नसते, सॉस झालेला असतो, आणि तो शीतकपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. गोडवा हवाच असेल तर पिठीसाखर घालावी. तीही तेलात विरघळत नाही, पण कोरडी असल्यामुळे मिश्रण वाहते ठेवते. मीठसुद्धा याच कारणासाठी आधी कुटून अगदी बारीक करावे, नाहीतर ते खडा होऊन दाताखाली येते.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटण्यासारखे आहे, मात्र आपल्या अडचणीत निम्मा वाटा यंत्राचा आणि ते वापरण्याच्या पद्धतीचा आहे, त्याविषयी थोडे लिहितो.

बदाम भाजून पूर्ण गार करून वाटण्याची अनेकांना सवय असते, आणि काम लांबते ते त्यामुळेच. तेल गरम असताना अधिक पातळ असते, म्हणून हाताला सोसेल इतके कोमट असतानाच बदाम भांड्यात घालावेत. अगदी कढत मात्र घालू नयेत, कारण बंद भांड्यात वाफ कोंडते आणि तिचे पाणी झाले की वर सांगितलेला घोटाळा झालाच म्हणून समजा. भांडे फार भरू नये आणि फार रितेही ठेवू नये. मूठभर बदाम मोठ्या भांड्यात घातले तर ते नुसतेच कडेला उडतात. पाती बुडून वर दोन-तीन बोटे भरतील इतका ऐवज असावा. बदाम थोडे असतील तर मिक्सरचे चटणीचे भांडे घ्यावे, कारण फूड प्रोसेसरच्या रुंद भांड्याला त्यापेक्षा बराच अधिक माल लागतो.

यापुढचे सगळे काम थांबण्याचे आहे. एक मिनिट फिरवावे, थांबावे, झाकण काढून रबरी उलथण्याने कडेचा भुगा खाली ओढावा आणि पात्यांखाली अडकलेला भागही उकरून घ्यावा. पहिल्या काही फेऱ्यांत भुगाच दिसतो. मग तो ओलसर वाळूसारखा होऊन मुठीत दाबल्यावर आकार धरू लागतो, आणि त्यानंतर अशी एक वेळ येते की सगळा माल एकत्र येऊन त्याचा गोळा भांड्यात धडधडत फिरू लागतो व मोटारीचा आवाज जड होतो. नेमके येथेच बहुतेक जण धीर सोडून पाणी किंवा तेल ओततात. तसे न करता गोळा उलथण्याने मोडावा, यंत्राला पाच-दहा मिनिटे विश्रांती द्यावी आणि पुन्हा सुरू करावे. गोळ्याच्या पृष्ठभागावर आधी चकाकी येते, मग तो तळाशी पसरू लागतो, पात्यांभोवती मध्यभागी खळगा पडतो आणि मोटारीचा आवाज एकदम हलका होतो. तो आवाज ऐकू आला की काम झाले असे समजावे. त्यानंतर आणखी दोन मिनिटे फिरवले की जिभेला लागणारी कणीही जाते.

यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात ते सलग किती वेळ चालवावे याची मर्यादा दिलेली असते. ती पाळावी. वास येऊ लागणे म्हणजे ती मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे.

तेल घालण्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. शुद्धतेचा आग्रह धरून लहान मोटारीचा जीव घेण्यापेक्षा, पाव किलो बदामांना एखादा चमचा तेल घातलेले केव्हाही चांगले. गोळा होण्याच्या टप्प्यावर ते घातले तर माल पात्यांखाली सरकतो आणि मग बदामांचे स्वतःचे तेल सुटायला लागते. मात्र ते बिनवासाचे असावे. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे ते घातलेले बटर थंडीत घट्ट आणि उन्हाळ्यात पातळ असे लहरी वागते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भाजण्याचे कारण आता नीट समजले. आणखी एक विचारते. बदाम रात्रभर भिजवून, सोलून मग बटर करावे असे बरेच जण सुचवतात. वर पाण्याविषयी जे लिहिले आहे ते पाहता हे कसे जमावे? आणि तयार झालेले बटर बाहेर ठेवावे की शीतकपाटात? घरात लहान मूल असल्यामुळे टिकाऊपणाची काळजी वाटते.

प्रतिसाद ३

भिजवलेले बदाम वापरता येतात, पण ते पुन्हा पूर्ण वाळवल्यानंतरच. ओव्हनमध्ये 65-70 अंशांना ते वाळायला कित्येक तास लागतात, आणि वाळले की नाही याची खूण म्हणजे मोडताना कटकन आवाज आला पाहिजे. वाकून तुटला तर आत पाणी आहे. त्यानंतर नेहमीप्रमाणे भाजावेत. साल काढणे एवढाच उद्देश असेल, तर उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच गार पाण्यात टाकले तरी साल चिमटीत सुटते आणि आत मुरलेले पाणीही थोडे असते. सालीसकट केलेले बटर किंचित तुरट आणि गडद होते, यापलीकडे त्यात काही वावगे नाही. हेझलनटची गोष्ट वेगळी. त्यांची साल चांगलीच कडवट असते, म्हणून भाजल्यावर गरम असतानाच जाड फडक्यात घेऊन चोळावी.

टिकण्याचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात खवटपणा आणि जंतू या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. खवटपणा तेलाचा असतो. दाणा अखंड असताना तेल पेशींत बंदिस्त असते. बटर करताना आपण ते उघडे पाडतो आणि हवा, उजेड व उष्णता यांनी ते बिघडू लागते. अक्रोडातील तेल याबाबतीत सर्वांत नाजूक आहे, म्हणून अक्रोडाचे बटर थोडेच करावे आणि पहिल्या दिवसापासून शीतकपाटात ठेवावे. बदामाचे आणि शेंगदाण्याचे बटर थंड, अंधाऱ्या जागी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तीन-चार आठवडे चांगले राहते, आणि शीतकपाटात दोन-तीन महिने.

जंतूंचे म्हणाल तर कोरड्या बटरमध्ये त्यांना वाढायला पुरेसे पाणीच मिळत नाही. परंतु वाढत नाहीत म्हणजे मरतात असे नव्हे. साल्मोनेला अशा कोरड्या, तेलकट पदार्थात कित्येक महिने तग धरू शकतो, आणि तेलात असताना तो उष्णतेलाही सहजासहजी दाद देत नाही. म्हणून दाणे आधीच नीट भाजावेत, भाजल्यानंतर ते कच्च्या दाण्यांच्या भांड्यात परत घालू नयेत आणि बरणीत ओला चमचा कधीही घालू नये.

निवडण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. बुरशी लागलेले, काळवंडलेले किंवा सुरकुतलेले शेंगदाणे भाजले की चालतात, हा समज घातक आहे. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि घरगुती भाजण्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. शंका येईल तो दाणा टाकून द्यावा. कडू बदामही बाजूला काढावेत, कारण त्यांतून सायनाइड तयार होते.

लहान मुलाला घट्ट बटर चमच्याने कधीही देऊ नये. ते टाळूला आणि घशाला चिकटून गुदमरण्याचा धोका असतो. पोळीवर किंवा पावावर पातळ थर द्यावा, नाहीतर कोमट पाण्यात पूर्ण सैल करून लगेच संपवावे. मुलाला यापूर्वी हे दाणे दिलेले नसतील आणि त्याला इसब किंवा दुसऱ्या एखाद्या अन्नाची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना आधी विचारणे आवश्यक आहे. शेंगदाणा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कडधान्य असले तरी त्याची ॲलर्जी असलेल्या काही जणांना बदाम-अक्रोडही चालत नाहीत, म्हणून एकाच भांड्यात दोन्ही वाटताना ते भांडे कसोशीने धुवावे आणि अर्थातच पूर्ण कोरडे करावे.

प्रतिसाद १

तवंगाचा प्रश्न मागे राहिला होता. कण तेलापेक्षा जड असतात, म्हणून ते सावकाश खाली बसतात आणि तेल वर येते. यात बिघाड काहीच नाही. विकतच्या अनेक बरण्यांत पूर्ण हायड्रोजनीकरण केलेले, म्हणजे हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट केलेले वनस्पती तेल एक-दोन टक्के मिसळलेले असते. ते गरम बटरमध्ये वितळते आणि गार होताना त्याच्या सूक्ष्म स्फटिकांचे जाळे तयार होऊन तेल जागच्या जागी अडकते. अमेरिकेत जोसेफ रोझफील्ड यांनी 1920च्या दशकाच्या आरंभी हायड्रोजनीकरणाचा हा मार्ग शेंगदाण्याच्या बटरसाठी वापरला, आणि दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने न फुटणारे बटर तेव्हापासून रुळले.

घरी त्या वाटेला जाण्याची गरज नाही. बटर जितके बारीक वाटाल तितके कण सावकाश बसतात, हा एक उपाय. कोमट असतानाच बरणीत भरून शीतकपाटात ठेवले तर तेल लवकर दाट होते आणि कणांना खाली बसायला वेळच मिळत नाही. एवढे करूनही तवंग आलाच, तर तो ओतून टाकू नये, कारण तेच तेल तळाच्या थराला पुन्हा सैल करणार असते. बरणी आदल्या रात्री उलटी करून ठेवावी, झाकण घट्ट आहे ना ते मात्र पाहावे, आणि सकाळी लांब दांड्याच्या सुरीने तळापासून वर ढवळावे. चमच्यापेक्षा सुरी अधिक सोयीची पडते, कारण ती थरात सहज शिरते आणि तेल बरणीबाहेर सांडत नाही.