उडवण्याआधी फ्रीझ करा
आपल्या कथेखाली 'खवचट कॉमेंट दिसली की उडवा' असा सल्ला मिळतो, पण तो अर्धाच बरोबर आहे. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिक्शनच्या (चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या) साइटवर मूळ कॉमेंट उडवली तरी तिच्याखालची उत्तरं तशीच लटकत राहतात, आणि मग जो तो मनाने तर्क लढवतो. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग थ्रेड (ती कॉमेंट आणि तिच्याखालची उत्तरं) फ्रीझ. नवी उत्तरं थांबतात. खातं असलेल्याला ब्लॉक करा. निनावी असेल तर लॉगिन नसलेल्यांच्या कॉमेंट बंद. म्यूटवर मात्र विसंबू नका: तुम्हाला दिसत नाही एवढंच, त्याचं लिहिणं चालूच राहतं (इथेच बरेच जण फसतात). 'नायिका तिसऱ्या भागात अचानक बदलली' ही टीका कथेवर आहे, ती राहू द्या. फक्त उत्तर दादरच्या गर्दीत, लोकलच्या दारात लटकून टाइप करू नका. घरी पोचा, दोन ओळी पुरे.