रत्नागिरीची बंदरं : किल्ल्यांपलीकडचा इतिहास कुठे शोधायचा?

अंजर्लेकरीण
नमस्कार मंडळी. सासरच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक यंदा खाली काढली. आजेसासरे गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. आत मोडीतल्या चोपड्या, मालाच्या पावत्या (कौलं, मीठ, तांदूळ, सुंभ) आणि आगबोटीची विटलेली तिकिटं निघाली. मोडी घरात कुणालाच येत नाही.

हर्णै-अंजर्ल्याबद्दल काही वाचायला गेलं की सुवर्णदुर्ग, तुळाजी आंग्रे आणि १७५५ साली चालून आलेला इंग्रजांचा कमोडोर जेम्स, एवढ्यावर गाडी थांबते. ते हवंच. पण त्याच किल्ल्यासमोरून नंतर पिढ्यान् पिढ्या माल गेला, गिरणीत भरती व्हायला पोरं गेली, गणपतीला परत आली, त्याचं कुणी काही लिहिलेलं मला सापडत नाही. आगबोट हर्णैला धक्क्याला लागायचीच नाही, लांब नांगर टाकायची आणि तिथवर पडावातून, म्हणजे होडीतून जायचं. सासूबाई अजून सांगतात, पडाव वर उचलला गेला की शिडी धरायची, खाली गेला की धरायची नाही. बायका नऊवारीत, कडेवर पोर. हे कुठल्या पुस्तकात आहे?

मला दापोली तालुक्यापुरतं का होईना, हे गोळा करायचंय आणि शाळेतल्या मुलांना दाखवायचंय. सुरुवात कुठून करू?

जुनी_बखर
ताई, आधी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड उघडा : रत्नागिरी आणि सावंतवाडी, १८८०. नेटवर फुकट मिळतो. बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, पूर्णगड, जैतापूर अशा बंदरांची माहिती आहे, आयात-निर्यातीचे आकडे आहेत. लिहिणारा साहेब आहे हे ध्यानात ठेवून वाचा. त्याला जकात दिसते, तांडेल दिसत नाही.

आणखी एक. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. त्याआधीचं मालवण, वेंगुर्ला, देवगडचं दफ्तर ‘रत्नागिरी’ याच नावाखाली असतं. मुंबईच्या पुराभिलेखागारात (एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत) गेलात तर तसं मागा. मोडीसाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. आणि कृपा करून त्या चोपड्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

गाबताचो_झील
ताईनूं, कागद खंय पळान जाणत नाय. म्हातारी माणसा आधी गाठा! आणि त्यांका ‘इतिहास सांगा’ म्हणा नकात, ते थेट शिवाजी म्हाराजांपासून सुरू करतले. इचारा : खाडीत शिरताना खंयचो डोंगर खंयच्या बाजूक ठेवूचो? मगे बगा कसो बोलता तो.

रेवसकर
रामदास बोटीचंही घ्या ना यात.

जुनी_बखर
रामदास १७ जुलै १९४७ ला बुडाली ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना. तो कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. दापोलीच्या प्रदर्शनात ती आली की बाकीचं सगळं झाकोळतं, दर वेळी हेच होतं. मात्र ज्या स्वदेशी कंपनीची ती बोट, तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ताई, तुमच्या तिकिटांवर कंपनीचं नाव काय आहे ते जरूर बघा.

अंजर्लेकरीण
तिकिटांवरचं नाव पुसट आहे, भिंगातून पाहून कळवते. गाबीतभाऊंचा प्रश्न मात्र रात्री जेवताना मामंजींना विचारला. एरवी ते ‘हूं’ पलीकडे बोलत नाहीत. काल ताट तसंच ठेवून पाटावर मिठाने खाडीचं मुख काढलं! कड्यावरच्या गणपतीचं देऊळ कुठल्या अंगाला ठेवायचं, वाळूचा दांडा दर पावसाळ्यात कसा सरकतो, म्हणून नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला पुढे होडी घालून बांबूने खोली बघायची. मी फोन चालू करेपर्यंत निम्मं होऊन गेलं होतं.

सागरगोटा
मग पुढच्या वेळी खाडीचा मोठा नकाशा छापून त्यांच्यासमोर ठेवा आणि खुणा त्यांनाच करू द्या. तोच कागद प्रदर्शनात लावा. रेकॉर्डिंग शाळेत ऐकवायचं तर त्यांना आधी विचारा, काही माणसांना आवडत नाही. जकात चुकवून आणलेल्या मालाच्या गोष्टीही निघतील, त्या जाहीर करताना घराण्यांची नावं गाळा.

वस्तूंबद्दल एक सांगतो. विजयदुर्ग-मालवणच्या बाजूला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना पाण्याखाली दगडी नांगर सापडले आहेत. तुमच्याकडे कुणाच्या परड्यात भोकाचा लांबट दगड कपडे धुवायला ठेवलेला असेल तर उचलून शाळेत आणू नका. आहे तिथेच फोटो काढा, मापं घ्या, कुठून आला ते घरच्यांना विचारून लिहा. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, नंतर मुख्याध्यापकांच्या डोक्याला ताप नको.

गाबताचो_झील
आणि मामंजींका होडयेच्या भागांची नावा इचारा. नाळ, वरामण, डोल, परभाण. पोरांका चित्रार लिवूक द्या. आमच्याकडची आणि तुमच्याकडची नावा येगळी निघाली तर हय टाका, माका व्हयी आसत.