नागपूरच्या महाल भागातील आपल्या गल्लीचे सुशोभीकरण : ग्रुपवरील चर्चा

अ-२०३ (काका): सर्व सभासदांस नमस्कार. गल्लीतील जुन्या वाड्यांना एकच रंग देण्याचा आणि त्यांच्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवण्याचा जो प्रस्ताव काल येथे अभिनंदनाच्या फुलांसह फिरला, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंटने ती आत कोंडली की भिंतीत रुतलेली सागवानी तुळयांची टोके कुजतात, आणि मग तोच वाडा ‘धोकादायक’ ठरतो.

ब-१०१ (सचिव): काका, आपल्या भावनांचा आदर आहे; परंतु आपली इमारतही एक वाडा पाडूनच उभी राहिली, याचे नम्र स्मरण करून देतो.

अ-२०३: स्मरण आहे. माझा जन्म त्याच वाड्यातला.

क-४०२: आधी गडर लाइन (सांडपाण्याची गटारवाहिनी) बदलावी, ही विनंती.

ब-३०४ (ताई): वाडा राखायचा तर मालकाला पैसा कुठून मिळणार, हे कोणीच बोलत नाही. २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर ठरलेल्या अहमदाबादेत वारसा इमारत जपणाऱ्याला टीडीआर, म्हणजे तेथे न वापरलेला बांधकामाचा हक्क, विकता येतो. येथे मात्र मालक थकला की बिल्डरला फोन लावतो.

क-१०२: आणि भाडेकरूंचे काय? त्यांना टीडीआर मिळत नाही, ताई.

अ-१०४: कोपऱ्यावरील तर्री-पोह्यांच्या गाडीस वारसा यादीत प्रथम श्रेणी द्यावी, अशी माझी सूचना आहे.

ब-१०१: त्या गाडीमुळे पार्किंग अडते.

अ-१०४: पार्किंग कोणाच्या दोन गाड्यांमुळे अडते, हे सर्वांस ठाऊक आहे, सचिव महोदय.

क-४०२: आधी गडर लाइन बदलावी, ही पुन्हा विनंती.

ब-३०४: विषयावर यावे. काळी मारबत (पोळ्यानंतर मिरवणुकीने नेऊन जाळायचा पुतळा) १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून जुन्या नागपुरातून निघते, ती रस्ते सुंदर आहेत म्हणून नव्हे, तर तेथील कारागीर, दुकानदार आणि पोरेसोरे ती काढतात म्हणून. भाडे वाढून हीच माणसे बाहेर गेली, तर रंगवलेल्या दारांसमोर मोबाइल धरून उभे राहणारे पाहुणेच तेवढे उरतील.

ब-१०१: मग काहीच करायचे नाही काय?

अ-२०३: करायचे आहे. चुन्याचे काम चुन्यानेच व्हावे आणि भाडेकरूंना विचारून व्हावे. शिवाय क-४०२ यांची क्षमा मागतो, कारण समोरच्या वाड्याची भिंत मी आज सकाळी पाहिली. तिच्या पायथ्याची ओल गळक्या गडरचीच आहे.

क-४०२: हेच मी पोळ्यापासून लिहीत आहे.

ब-१०१: रविवारी दहा वाजता गच्चीवर बैठक ठेवतो.

अ-१०४: पोहे माझ्याकडून. गाडी तेवढी अडवू नये.