वर्षभराचा विनिमय आणि पीयूसीचा हिशेब

दहावीनंतर परदेशी शाळेत शिकायला जाण्याविषयीच्या या चर्चेत ‘एक वर्ष विनिमय विद्यार्थी (एक्स्चेंज स्टुडंट) म्हणून जावे, आवडल्यास तिथेच बारावी पूर्ण करावी’ असा सल्ला दिला गेला आहे; तो अमेरिकेच्या बाबतीत लागू पडत नाही. शालेय विनिमयाचा जे-१ व्हिसा जास्तीत जास्त दोन सत्रांसाठी असतो. एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कुलात एकूण १२ महिनेच शिकता येते आणि त्याचा पूर्ण खर्च पालकांना भरावा लागतो. त्याहून अधिक राहायचे तर खासगी शाळाच उरते, आणि तिचे शुल्क ऐकले की बेळगावातली बहुतेक घरे तिथेच थांबतात.

परतल्यावरचा प्रश्न मात्र या चर्चेत कोणी मांडलेला नाही. माझी पुतणी मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) होऊन वर्षभरासाठी अमेरिकेला गेली होती. ते वर्ष पहिल्या पीयूसीऐवजी (कर्नाटकातली अकरावी) धरले जाईल असे आम्ही गृहीत धरले होते; पण तिच्या गुणपत्रकात अमेरिकेचा इतिहास, नाट्य आणि जीवशास्त्र होते, भौतिक व रसायनशास्त्र नव्हतेच, त्यामुळे विज्ञान शाखेसाठी महाविद्यालयाने तिला पहिल्या पीयूसीतच बसवले, आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. म्हणून जाण्यापूर्वीच इथल्या प्राचार्यांकडून कोणते विषय घेतल्यास ते वर्ष ग्राह्य धरता येईल हे लेखी घ्यावे, तिथे विषय निवडताना तो कागद तिथल्या शाळेच्या समुपदेशकापुढे ठेवावा आणि निघण्यापूर्वी शाळेच्या शिक्क्यानिशी गुणपत्रकाच्या दोन-तीन जादा प्रती मागून घ्याव्यात.