कण्याच्या दुखापतीनंतर सकाळी कशासाठी उठावे?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर): गेल्या वर्षी उंचावरून पडल्याने माझे कमरेखालचे अंग लुळे पडले. सुतारकाम सुटल्यापासून दिवस नकोसा वाटतो. आपण काय केलेत?

उत्तर: दादा, मीही चाकाच्या खुर्चीवर आहे. पूर्वीसारखे होण्याची वाट पाहण्यात मी दोन वर्षे घालवली, याची खंत वाटते. आपले हात शाबूत असतील, तर खुर्चीच्या उंचीचे टेबल करून तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवून पाहा. विदर्भात त्यांना मागणी असतेच, आणि मुलांचा आनंद वेगळाच! मात्र बसताना वरचेवर अंग उचलावे, नाहीतर जखमा होतात.

उत्तर: १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले.

प्रश्नकर्ता: पटाशी, रंधा आजच माळ्यावरून काढायला सांगतो.