ग्रॅफाइटवरचा हायड्रोजनयुक्त कार्बन थर: लेझर सेटिंग काय ठेवावं?

रबाळे_फायबर: गंज काढायचा २० वॅटचा पल्स लेझर आहे. १०६४ नॅनोमीटर, १ मिलिज्यूल, २० किलोहर्ट्झ, स्पॉट ५० मायक्रॉन. टोकामॅकच्या (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या अणुसंमीलन यंत्राच्या) भिंतीसारखा थर चढवलेल्या ग्रॅफाइट टाइलवर चाचणी चालू आहे. थर निघतो, पण खाली खड्डेही पडतात.

वागळे_ऑप्टिक्स: पडणारच. हिशोब करा, दर चौरस सेंटीमीटरला जवळपास ५० ज्यूल होतात! फोकस सोडून स्पॉट ०.४ मिलिमीटर करा, म्हणजे ०.८ ज्यूल. थरातून उष्णता नीट वाहत नाही, म्हणून तो कमी ऊर्जेत उडतो. ग्रॅफाइट ती आत ओढून घेतं. स्कॅनिंग सेकंदाला ४ मीटर ठेवलं की स्पॉट निम्मे एकमेकांवर येतात. थर संपला की ठिणगी मंदावते, तिथेच थांबा.

ऐरोली_व्हॅक्यूम: उघड्या हवेतल्या निकालावर फार विसंबू नका, तिथे थर थोडा जळतोही. खऱ्या यंत्रात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, असतं. हवेत त्याचं ट्रिटियमयुक्त पाणी होतं, आणि ते वायूपेक्षा कितीतरी घातक. म्हणून निर्वात किंवा आर्गॉन. पण निर्वातातही उडालेला कार्बन शेजारच्या टाइलवर जाऊन बसतो. टाइलांमधल्या फटींत तर किरण पोचतच नाही; खरी डोकेदुखी तीच.

वागळे_ऑप्टिक्स: फक्त हायड्रोजन काढायचा असेल तर थर उडवायची गरजच नाही. अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये टीएफटीआर या टोकामॅकच्या टाइलांवर सलग चालणारा (पल्स नसलेला) निओडिमियम लेझर वेगाने फिरवून, पृष्ठभाग तापवून ट्रिटियम बाहेर काढलं होतं. धूळही कमी.